विरघळण्यातलं गळणं

रामदासपेठेतल्या एका दवाखान्याची संमतिपत्रे तिथे वरच्या मजल्यावर बसून अनुवाद करणाऱ्या तरुण प्रणालीनेच मराठीत आणली होती. गुठळीच्या इंजेक्शनसाठी ‘विरघळवणे’ हा शब्द तिने आधी लिहिला आणि मग खोडला. त्याच्या मुळाशी ‘गळणे’ आहे, वाचून लोक घाबरतील, असे तिला वाटले. ‘वितळवणे’ कसा सोज्वळ दिसत होता. शहाणपण म्हणतात ते हेच.

एका सकाळी साडेनऊला तिला खाली बोलावणे आले. उमरेडचे कवडूकाका सही करेनात. त्यांच्या बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती; उजवा हात आणि वाचा गेली होती. इंजेक्शन दहाच्या आत द्यायलाच हवे होते.

उभी हयात हातमागावर काढलेले काका कागदावर बोट ठेवून बसले होते.

“इथं ‘वितळवणे’ लिवलं हाय. मेण इतळते, तूप इतळते, आचेवर. तिच्या डोक्याले आच देऊन राहिले काय तुमी?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. प्रणाली मात्र ओशाळली. आचेवर होते ते वितळणे आणि पाण्यात होते ते विरघळणे, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

“काका, शब्द माझा चुकला. आच नाही देत. औषध रक्तात जातं आणि गुठळी विरघळते. पाण्यात साखर विरघळते तशी.”

“इरघळते.” सुताला लावायची खळ काकांनी जन्मभर पाण्यात कालवली होती. “म्हंजे गळनंच झालं ना? मंग दुसरीकडून रक्त गळलं तं?”

तिने खोडलेले नेमके त्यांनी वाचले होते. डॉक्टरांनी तिच्याकडे डोळे वटारले. तिने तिकडे पाहिलेच नाही.

“गळू शकतं. शंभरात पाच-सहा जणांचं गळतं. पण नाही दिलं तर हात आणि बोलणं परत येणं कठीण.”

काकांनी पेन मागितला. घड्याळात नऊ बावन्न झाले होते.

चौथ्या दिवशी ते दारात भेटले. पंचफुलाबाई बोलू लागल्या होत्या, उजवा हात तसाच पडून होता. वीस मिनिटे लवकर दिले असते तर, हे प्रणालीने डॉक्टरांना विचारले नाही. ते उत्तर ऐकणे तिला सोसले नसते.

“पोरी, तू खरं सांगतलं म्हून म्या सही केली,” काका म्हणाले.

प्रणाली मान खाली घालून वर गेली आणि तिने कागदावरचा शब्द बदलला.