अर्जातला माणूस

“लिफ्ट दुरुस्त करतो. झालं की! आणखी काय लिहायचं त्यात?”

असं म्हणून बाबा खरंच उठायला लागले. मी त्यांची बाही ओढून त्यांना परत खाली बसवलं. समोर लॅपटॉपवर एक भलामोठा रिकामा चौकोन होता आणि त्याच्यावर इंग्रजीत सूचना होती, की तुमच्या कामाचं स्वरूप पाचशे शब्दांपर्यंत लिहा. बाबांनी ते तीन शब्दांत आटोपलं होतं.

“बाबा, चारशे सत्त्याण्णव उरलेत अजून.”

“उरू देत. वाचणाऱ्यालाही तेवढाच आराम.”

आई शेजारी मशीनवर पडदे शिवत होती. आमच्याकडे टेबल एकच, तिचं कापड बेतायचं. त्यामुळे बाबांचा परदेशी जायचा अर्ज फुलाफुलांच्या कापडाच्या ढिगात बसून भरला जात होता. फोटोला मागे पांढरी भिंत हवी होती, ती काही आमच्याकडे नव्हती. मग आईने अस्तराचं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि मी फोटो काढले. तेराव्या फोटोत बाबांचे डोळे एकदाचे उघडे आले.

“अहो, पोरगी विचारतेय ते सांगा ना नीट,” आई म्हणाली. “एरवी लिफ्टचा विषय निघाला की ताटातलं गार होतं तुमच्या.”

कुशल कामगार म्हणून तिकडे कायमचं राहायला जाण्याचा हा अर्ज होता. मिळालं तर आम्ही तिघंही जाणार होतो. अट एकच मोठी होती. अर्जाच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं, आणि बाबांना पंचेचाळीस पूर्ण व्हायला अकरा दिवस उरले होते. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. त्यातून मी नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते आणि तेव्हापासून माझी पक्की खात्री झाली होती, की कुठलीही गोष्ट नीट शब्दांत मांडली की ती होतेच. त्या महिन्यात मी दूधवाल्याशीसुद्धा भाषणाच्या सुरात बोलत होते.

“बरं, सकाळी कामावर गेलात की पहिलं काय करता?” मी विचारलं.

“मशीन रूममध्ये जाऊन उभा राहतो.”

“नुसते?”

“नुसता. ऐकतो. ब्रेक सुटताना एकदाच टक् झालं पाहिजे. दोनदा झालं तर आतलं काहीतरी झिजलंय. मग दोर बघतो. चिंधी घ्यायची, दोराला हलकी धरायची आणि लिफ्ट अगदी हळू चालवायची. कुठे एखादी बारीक तार तुटली असेल तर चिंधी तिथे अडकते. डोळ्याला दिसत नाही ते चिंधीला कळतं.”

बाबा हे सांगताना हवेत चिंधी धरून बसले होते. त्यांच्या नखांच्या कडांना ते कितीही धुतलं तरी न जाणारं काळं होतं. आणि मी, वक्तृत्वात पहिली आलेली त्यांची मुलगी, मनात म्हणत होते, चिंधी! साता समुद्रापलीकडच्या ऑफिसात आता चिंधी लिहून पाठवू?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट राहील. त्याच्या दोनेक महिने आधी मी वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी गेले होते. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. आम्ही जिन्याकडे वळलो, तेवढ्यात लिफ्टच्या खालच्या खड्ड्यातून एक माणूस हातांवर जोर देत वर आला. तोंडावर ग्रीस, केसांत जळमटं. माझ्याकडे बघून तो हसला. मैत्रीण कुजबुजली, “ए, तो लिफ्टवाला बघ कसा हसतोय तुझ्याकडे बघून!” मी म्हणाले, “चल ना, उशीर होतोय.” आणि जिना चढून गेले. बाबांनी घरी आल्यावर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. उलट, “तुझी मैत्रीण चुणचुणीत दिसते,” एवढंच म्हणाले.

तर त्या चौकोनात मी लिहायला लागले. चार जणांच्या गटाचं नेतृत्व करतात. देखभालीचं वार्षिक नियोजन करतात. दोरांच्या तपासणीवर देखरेख ठेवतात. नव्या कामगारांना मार्गदर्शन करतात. यातलं अगदीच काही खोटं नव्हतं हो. बाबांच्या हाताखाली दोघं-तिघं असायचे, आणि त्यांना काही अडलं की ते बाबांनाच हाक मारायचे. मी फक्त बाबांना खड्ड्यातून वर काढलं, तोंड पुसलं आणि खुर्चीवर बसवलं.

वरती व्यवसाय निवडायची यादी होती. ‘लिफ्ट मेकॅनिक’ होता आणि त्याच्या दोन ओळी खाली ‘पर्यवेक्षक’. कुठले व्यवसाय त्यांना हवे आहेत याचं एक वेगळं पत्रकही होतं. त्यात मी मेकॅनिक पाहिला होता. मी असा विचार केला, की मेकॅनिक चालतो तर त्याच्यावरचा माणूस धावेलच. आणि पर्यवेक्षकावर बोट ठेवलं.

त्याच दुपारी बटणकाकांचा फोन आला. ते बाबांचे जुने जोडीदार. लिफ्टमधली बटणं बदलण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून ते नाव. दोन वर्षांपूर्वी तिकडे गेले होते, आणि बाबांच्या मागे लागलेले तेच.

“काय रे, भरलास का? का अजून मुहूर्त बघतोयस?” ते फोनवर एवढे मोठ्याने बोलत, की स्पीकर लावायची गरजच पडत नसे.

“मी कसला भरतोय! आमच्या मॅडम भरतायत.”

“दे बरं मॅडमना.” मी फोन घेतला. “हे बघ पोरी, एक ध्यानात ठेव. इथे साहेब ढिगाने पडलेत. पाना धरणारे हात नाहीत. बाप जे करतो ते जसंच्या तसं लिही. त्याला पावडर-बिवडर लावू नकोस.”

“हो काका,” मी म्हणाले. मनात म्हटलं, काकांना लिहिण्यातलं काय कळतं?

शेवटी एक खूण करायची होती, ती अर्जदारानेच. ‘वरील माहिती मी वाचली आहे आणि ती खरी आहे.’ बाबा उठले, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुसले आणि मग लॅपटॉपला हात लावला.

“पण मी कुठे वाचलंय?”

“मी वाचलंय ना, बाबा. एकच झालं.”

“बरं,” ते म्हणाले आणि एका बोटाने खूण केली. अर्ज गेला. आईने मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या.

पुढचे चार महिने आमच्या घराने काय मजेत काढले! आई ओळखीच्यांना सांगायची, “आमचं अजून काही नक्की नाही,” पण ते इतक्या आनंदाने, की ऐकणाऱ्याला सगळं ठरलंच आहे असं वाटावं. बाबा रोज माझ्याकडून पाच इंग्रजी वाक्यं शिकायचे आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याला ऐकवायचे. मी शाळेत फुशारक्या मारल्या, अर्थातच. मधे बाबांचा वाढदिवस येऊन गेला. पंचेचाळीस झाले. “आता काही बिघडत नाही,” बाबा म्हणाले. “आपला अर्ज चव्वेचाळिसातच आहे.”

उत्तर आलं तेव्हा मी शाळेतून नुकती घरी आले होते. दोन पानांचं पत्र, अतिशय नम्र. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. निवडलेला ‘पर्यवेक्षक’ हा व्यवसाय हव्या असलेल्या यादीत नाही. अर्जाला जोडलेल्या मालकाच्या पत्रात अर्जदार मेकॅनिक असल्याचं म्हटलं आहे, पण अर्जदाराने स्वतः लिहिलेल्या कामांत प्रत्यक्ष दुरुस्तीचं एकही काम आढळत नाही. म्हणून अर्ज नामंजूर. शेवटी लिहिलं होतं, की अर्ज पुन्हा करता येईल, वयाची अट लागू राहील.

एकही काम आढळत नाही. ही ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे. आढळणार कुठून? मीच एकेक शोधून बाहेर काढलं होतं.

“आलं का गं काही?” आईने विचारलं.

“नाही म्हणालेत.”

“का पण?”

“जागा भरल्या म्हणे.”

किती सोपं होतं ते! इंग्रजी मला एकटीलाच येत होतं. मी सांगेन तेच त्या पत्रात लिहिलेलं होतं. आई मशीनवर बसली, चाक फिरवलं आणि सुईत दोरा नाही हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

बाबा आले. आईने दारातच सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“तू तोंड पाडू नकोस गं. केवढी मेहनत घेतलीस तू! भरल्या जागा, त्याला कोण काय करणार?”

ते रागावले असते तर मी कदाचित तगले असते. पण तो हात काही मला सोसवेना.

“जागा नाही भरल्या, बाबा,” मी म्हणाले. आणि पत्र पहिल्या ओळीपासून मराठीत वाचून दाखवलं. वाचताना मधेच आवाज फाटला, तेव्हा थांबले आणि परत तिथूनच वाचलं. एक शब्द गाळला नाही.

बाबा टेबलाच्या कडेवर बसले. “तू काय लिहिलं होतंस?”

मी अर्ज उघडला. चार जणांच्या गटाचं नेतृत्व, वार्षिक नियोजन, देखरेख, मार्गदर्शन. मराठीत ते फारच पोकळ वाटत होतं. बाबा मान किंचित तिरकी करून ऐकत होते.

“चांगला आहे हा माणूस,” ते शेवटी म्हणाले. “इस्त्रीचा शर्ट असेल याचा.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण मग लिफ्ट कोण दुरुस्त करतं?”

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारल्यासारखं विचारलं.

“अहो, लहान आहे ती,” आई म्हणाली.

“मी कुठे काय म्हणतोय तिला?”

बटणकाकांना त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. “नाही झालं रे. वयाचं काहीतरी आडवं आलं,” एवढंच सांगितलं. पलीकडून काका तावातावाने काहीतरी विचारत राहिले. बाबा नुसते हूं हूं करत राहिले.

फोन ठेवला तोच परत वाजला. इस्पितळातून होता. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नीट थांबत नव्हती. बाबांनी पिशवी उचलली आणि दारात जाऊन मागे वळले.

“येतेस?”

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मीही कधी म्हटलं नव्हतं. मी गणवेशातच निघाले.

तिसऱ्या मजल्यावर बाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी लिफ्टच्या उंबऱ्यावर तळहात ठेवला. अर्धा मजल्यावर, अर्धा लिफ्टमध्ये. “जेमतेम नखभर खाली,” ते म्हणाले. मी वाकून पाहिलं, मला काही दिसलं नाही. मग ते लिफ्टच्या टपावर चढले. आतल्या अंधाऱ्या भुयारात प्रत्येक मजल्याला पत्र्याची एक पट्टी असते, ती आली की लिफ्टला कळतं, इथे थांबायचं. त्यातली तिसरी पट्टी सरकली होती. बाबांनी ती सैल केली, नखभर हलवली, आवळली. खाली आले, तळहात ठेवला. परत वर गेले. असं चारदा झालं. मी उघड्या दारातून टॉर्च धरला होता. त्यांच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ ग्रीसमधून वाट काढत खाली उतरला. त्यांचं लक्षही नव्हतं.

“बाबा, मी...” मी म्हणाले.

“उजेड इकडे धर. हां, तिथेच.”

काम झाल्यावर त्यांनी लिफ्ट सहा वेळा रिकामी वर-खाली केली. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून भरून घेतली आणि आणखी तीनदा. मग आम्ही बाजूला भिंतीला टेकून उभे राहिलो. ते फडक्याने एकेक बोट पुसत होते.

तेवढ्यात दोन वॉर्डबॉय एक स्ट्रेचर ढकलत आले. त्यावर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, हाताला सलाईन, तोंड किंचित उघडं. लिफ्टचं दार उघडलं. वॉर्डबॉय सुट्टीच्या पाळीवरून भांडत होते, त्यांनी खाली बघितलंही नाही. स्ट्रेचरची पुढची चाकं उंबऱ्यावरून आत गेली, मग मागची. सलाईनची बाटली जराही हलली नाही. म्हातारे झोपूनच होते.

बाबा त्या चाकांकडे बघत होते. दार मिटेपर्यंत बघत राहिले.