ताईला शहर दाखवताना

ताईला शहर दाखवायचे ते वरून, हे त्याने ती गाडीतून उतरण्याआधीच ठरवून टाकले होते.

बावीस वर्षे तो लिफ्टची देखभाल करत होता. साठेक इमारतींच्या माथ्यावर लिफ्टचे यंत्र जिथे बसवलेले असते, त्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला खुळखुळत, आणि त्या जुडग्यामुळे हे अख्खे शहर आपल्याला आंदण मिळाले आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. बाकीच्या लोकांच्या वाट्याला शहर येते ते पुढे चालणाऱ्या माणसाच्या पाठीएवढे. त्याच्या वाट्याला पाण्याच्या टाक्यांवर उतरणारे सकाळी सातचे ऊन होते, एकाच वेळी शंभर गच्च्यांवर हलणाऱ्या चादरी होत्या, आणि शाफ्टमधून, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून ये-जा करते त्यातून, वर येणारा वारा होता. त्या वाऱ्यात सगळ्या मजल्यांचा संसार मिसळलेला असे: परतलेला कांदा, ओला साबण, कुठेतरी नुकताच लागलेला रंग. वासावरून मजला ओळखता येतो, असे तो सांगे. कोणी विचारले नाही तरी सांगे.

ताई त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले तेव्हा तिनेच त्याला वाढवले, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय फळ्यावरच्या पुसून टाकायच्या आकडेमोडीसारखा बाजूला सारला. छोट्या गावातल्या शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवून ती गेल्या महिन्यात निवृत्त झाली होती. आता शाळेने तिला मुलींच्या वसतिगृहाचा कारभार देऊ केला होता, राहायला तिथलीच एक खोली. उत्तर सोमवारी सकाळी द्यायचे होते. ती एकदा त्या खोलीत शिरली की पुन्हा बाहेर पडायची नाही, हे त्याला कळत होते. त्याला ती इथे हवी होती, आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर. "बघते," एवढेच म्हणून ती आठ दिवसांसाठी आली होती. सात दिवस त्याच्या कामात गेले. उरला हा रविवार.

"त्यांना विचारा तरी, काय बघायचंय ते," बायको म्हणाली होती.

"तिला काय विचारायचं? तिला मी ओळखतो."

"आणि आज फोन बंद ठेवा. नाहीतर बहीण एकीकडे आणि तुम्ही कुठल्यातरी लिफ्टच्या डोक्यावर."

फोन त्याने तिच्यादेखत बंद केला.

पहिली गच्ची कापडबाजारामागची. ताईने टाकीची लोखंडी शिडी दोन्ही हातांनी धरली आणि ती तशीच उभी राहिली.

"तो पूल बघ. आणि त्याच्या डावीकडे निळा घुमट दिसतोय?"

"दिसला."

"दिसला म्हणतेस, पण बघतेस भिंतीकडे."

"अरे, एका नजरेत सगळं दिसलं. छान आहे. चल आता खाली."

दुसऱ्या गच्चीवरही तेच. तिथे तर ती दारातूनच "छान" म्हणाली. तो मनात चरकला. जे शहर त्याने इतकी वर्षे एकट्याने साठवले होते, ते तिच्यापुढे ठेवताना शिळे होत होते की काय? आता भिस्त तिसऱ्या इमारतीवर होती. चौदा मजले, आणि वरून नदीचे वळण थेट दिसे.

पण त्या इमारतीच्या दारातच तो थबकला. लिफ्ट वर निघाली होती आणि तिच्या मागोमाग एक बारीक, घसटल्यासारखा आवाज येत होता. वॉचमनला ऐकू आला नसता, तिथे राहणाऱ्यांनाही आला नसता. त्याला मात्र तो कानात खडा गेल्यासारखा टोचला.

"ब्रेक घासतोय," तो म्हणाला. "ताई, पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मी तुझ्या पहिलीपासून ओळखते. जा."

वर जाऊन त्याने लिफ्ट रिकामी असल्याची खात्री केली, मुख्य स्विच पाडला आणि चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसून पँटच्या खिशात टाकला. हा त्याच्या धंद्यातला न मोडायचा नेम. नुसता पाडलेला स्विच कोणीही उचलू शकतो. फ्यूज खिशात असला की यंत्र मेले ते मेलेच, आणि आत उतरलेला माणूस सुरक्षित. काम संपले की फ्यूज बसवायचा, लिफ्ट एकदा वर, एकदा खाली न्यायची, मगच हात धुवायचे.

ब्रेक त्याने दहा मिनिटांत बसवला. हात पुसता पुसता सहज खिडकीतून खाली डोकावला, तर ताई इमारतीच्या दारात नव्हती. ती रस्त्यात होती. गर्दीतून, एकटी, कोपऱ्याच्या दिशेने चालली होती, आणि चांगली झपाझप.

या शहरात तिला ना रस्ता माहीत, ना घराचा पत्ता पाठ. तो जिन्याने धावत सुटला. चौदा मजले एका दमात उतरून कोपऱ्यावर पोचला, तेव्हा ताई आइस्क्रीमचा कोन खात दुकानाच्या काचेतले चपलांचे जोड न्याहाळत उभी होती.

"अगं, काय हे! हरवली असतीस म्हणजे?"

"हरवायला मी काय चिल्लर आहे? आणि धापा काय टाकतोयस, कुत्रं मागे लागल्यासारखा?" तिने कोनाचा कडेचा भाग जिभेने सारखा केला. "चौतीस वर्षांत रस्त्यात उभं राहून काही खाल्लं नव्हतं मी. तिथे खाल्लं असतं, तर दुसऱ्या तासाला वर्गात पोचली असती बातमी."

तिच्या हनुवटीवर आइस्क्रीमचा पांढरा ठिपका होता. तो घाईत होता; नदीच्या वळणासाठी पुन्हा मागे फिरायला आता वेळ नव्हता. अजून एक गच्ची उरली होती, शहरातली सगळ्यात उंच. त्याने तिला जवळजवळ ओढतच बसमध्ये चढवले.

रविवारच्या गर्दीत अडकत अडकत पाऊण तासात पाच थांबे गेले. कंडक्टर आला. तिकिटाच्या पैशांसाठी त्याने खिशात हात घातला, आणि बोटांना पैशांआधी काहीतरी गार, जड, गुळगुळीत लागले.

ती वस्तू मुठीत धरूनच त्याने फोन सुरू केला. वॉचमनचे एकवीस कॉल येऊन गेले होते.

"काय झालं? भूत बघितलंस का?" ताईने विचारले.

त्याने तळहात उघडून दाखवला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक अख्खी इमारत त्याच्या खिशातून फिरायला निघाली होती.

"मग बसलास काय? ऊठ," ताई म्हणाली, आणि त्याच्याआधी दाराशी पोचली.

परतीच्या बसमधून त्याने वॉचमनला फोन लावला.

"साहेब, तुम्ही जिवंत आहात?"

"म्हणजे?"

"अहो, फ्यूज जागेवर नाही म्हणजे माणूस आत आहे, हे तुम्हीच शिकवलंत ना! आम्ही तासभर शाफ्टमध्ये तोंड घालून तुम्हाला हाका मारतोय. कंपनीचा माणूस दुसरा फ्यूज घेऊन आला होता, त्याला मीच हात लावू दिला नाही. म्हटलं, आमचे साहेब सापडल्याशिवाय नाही."

शरमेने त्याचे कान तापले, आणि त्या शरमेच्या तळाशी, कोणाला सांगता येणार नाही असे, थोडेसे सुखही होते. या शहरात कोणीतरी तासभर आपल्याला हाका मारत होते.

इमारतीच्या दारात माणसांचा घोळका होता. खुर्ची टाकून बसलेले अकराव्या मजल्यावरचे आजोबा त्याला पाहताच म्हणाले, "या! आम्ही तुमच्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायच्या बेतात होतो. पण माझे गुडघे उभे राहू देईनात."

"चुकलं, आजोबा."

"चुकलं ते वर जाऊन सांगा. पायऱ्या मोजत जा, म्हणजे लक्षात राहील."

तो जिना चढू लागला. मागोमाग ताईही एक मजला चढली आणि थांबली. "मी इथेच बसते. तू हो पुढे." पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे दार उघडे होते. त्यांनी पायाने एक स्टूल पुढे सरकवले. तेवढे पाहून तो वर गेला.

जिन्यावर त्याला सगळी इमारत भेटली. कोणी पिशव्या टेकून बसले होते, कोणी टोमणा मारला, तिसऱ्या मजल्यावर कोणी पाण्याचा पेला पुढे केला. इतक्या वर्षांत या लोकांच्या डोक्यावरून त्याची किती ये-जा झाली होती, पण त्यांच्या दारांआड काय असते ते त्याने आज पाहिले. फ्यूज बसवून, लिफ्ट नेमाप्रमाणे वर-खाली फिरवून तो खाली आला तेव्हा घसटण्याचा आवाज पार गेला होता. एकदाही अडखळू न देता त्याने आजोबांना अकराव्या मजल्यावर पोचवले. मग पहिल्या मजल्यावर उतरला.

ताई स्टुलावर नव्हती. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात गर्द हिरवे कापड पसरलेले, हातात खडू. शिवणवाल्या बाई कमरेवर हात ठेवून तिच्या डोक्याशी उभ्या होत्या.

"चार बोटं कमी पडतंय," त्या म्हणत होत्या. "गिऱ्हाइकाला घेरदार स्कर्ट हवाय, आणि कापड आणलंय असं. कळ्या, म्हणजे घेराच्या या तिरक्या पट्ट्या, उलटसुलट मांडून बघितल्या, तरी बसत नाहीत."

"कळ्या किती?"

"आठ."

"आठच का?"

बाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. "हाताला सवय आठाची," त्या म्हणाल्या.

"प्रत्येक कळीच्या दोन्ही बाजूंना इंच इंच शिवणीत जातो ना? सहा करा. कळ्या रुंद होतील, घेर तेवढाच राहील, आणि दोन कळ्यांच्या शिवणीचे चार इंच वाचतील." ताईने जमिनीवर खडूने सहा कळ्या काढल्या, एक सुलटी, एक उलटी, दातात दात बसावेत तशा. "कापडाच्या नक्षीला वर-खाली नाही ना?"

"नाही. साधं आहे." बाई वाकून बघत राहिल्या. मग एकदम हसल्या. "तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना परत पाठवत आलेय. इतके दिवस कुठे होतात हो तुम्ही?"

"ताई, निघायचं?" दारातून तो म्हणाला. "ती शेवटची गच्ची राहिलीये."

"बैस इथे," ताई म्हणाली. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला म्हणावे तशी. तो बसला.

"मला उंचावर चक्कर येते. लहानपणापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस? तुझा उजळलेला चेहरा बघत होते मी. मला त्यातच सगळं शहर दिसलं." खडूचे हात तिने पदराला पुसले. "उद्या शाळेला फोन करून नाही म्हणून सांगते. मी राहतेय इथे."

"मी आजच आतली खोली रिकामी करतो. कपाट हलवलं की तुझा पलंग खिडकीशी—"

"तुझ्याकडे नाही रे. इथे." तिने मानेने आतल्या दाराकडे खूण केली. "यांची मुलगी परदेशी गेलीये. खोली मोकळी आहे, खिडकी रस्त्यावर उघडते, आणि उंची फक्त एका मजल्याची. आमचं बोलणं झालंय."

"एका तासात?"

"पाऊण," शिवणवाल्या बाई कात्री शोधत म्हणाल्या. "उरलेला वेळ कळ्यांत गेला."

त्याला लागले. "भाऊ असताना परक्याच्या घरात? लोक काय म्हणतील, ताई?"

"कुठले लोक? आठ दिवसांत मला एकाही माणसाने विचारलं नाही, बाई, कुठे निघालात म्हणून. पहिल्या दिवशी वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेले. तू कामावर असताना काल वाचनालयात चार तास बसले होते. दोन दिवस बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले." ती थांबली. तिचा आवाज खाली आला, पण हलला नाही. "तुझ्या घरी मी तुझी ताई असेन. वसतिगृहात बाई असेन. मला थोडे दिवस नुसतं रस्त्यावरून चालणारं माणूस व्हायचंय. तू मला इथे आणलंस, म्हणून तुलाच सांगतेय."

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर वर केले. लिफ्ट त्यांच्या मजल्यावरून गेली, अगदी निमूट, आणि या एका वेळी त्याने तिच्याकडे कान दिला नाही. तो ताईकडे बघत होता. तिने त्याला वाढवायला घेतले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, हा हिशेब त्याच्या मनात आज पहिल्यांदा झाला.

"पलंग तरी आणून देऊ ना?"

"पलंग आण. आणि तुझ्या बायकोला म्हणावं, दर रविवारी मी जेवायला येणार."

"शनिवारीही ये. मला अर्धी सुट्टी असते."

"शनिवारी नाही जमायचं," ताई म्हणाली आणि पुन्हा कापडावर वाकली. "शनिवारी मला काम आहे."

"कसलं काम?"

"ते अजून ठरायचंय."