पाणी उतरवणारा मणी

ड्रॅगनच्या तोंडातून जाळ निघणार की पाणी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. गणपती पंधरवड्यावर आले होते. राजारामपुरीतल्या मंडळाच्या शेडमध्ये बांबू, सळ्या आणि थर्माकोलचा दुमजली उंचीचा जपानी ड्रॅगन मान वर काढून तयार होता. मिशा तेवढ्या लावायच्या बाकी होत्या.

"जाळच पायजे," मंडळाचा अध्यक्ष बंडू म्हणाला. "ड्रॅगन आणि पाणी थुकतोय? लोकं हसतील की! पलीकडच्या गल्लीनं लेझर आणल्यात."

"जपानी ड्रॅगन आग ओकत नाही, बंडूदादा," अभिराम म्हणाला.

"तू बघून आलास व्हय जपानला?"

अभिराम फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून नुकताच एका क्लासमध्ये शिकवायला लागला होता. ड्रॅगनची मान आणि पंजे हलवायला गाडीच्या वायपरच्या मोटरी त्यानेच बसवल्या होत्या. देखाव्याची कल्पनाही त्याचीच. केबलवर हिंदीत डब केलेली एक जपानी कार्टून मालिका लागायची. तिच्यात नदीची राखण करणारा एक ड्रॅगन होता. त्याला पंख नव्हते, तरी तो ढगांतून पोहत जायचा. असा प्राणी कुणाच्या डोक्यात आणि का आला असेल, हा प्रश्न अभिरामला स्वस्थ बसू देईना. मग सायबर कॅफेत बसून त्याने मिळेल ते वाचून काढलं. हा ड्रॅगन तळ्यात, नदीत, समुद्राच्या तळाशी राहतो आणि पाऊस त्याच्या हातात असतो. दुष्काळ पडला की लोक त्याच्या तळ्याकाठी ढोल बडवतात. तरी ढग आले नाहीत, तर तळ्यात लोखंड टाकून त्याला मुद्दाम चिडवतात. त्याचं एक मूळ तर आपल्याकडेच निघालं. बौद्ध ग्रंथांबरोबर इथले नागराज चीनमार्गे जपानला पोहोचले आणि तिथल्या जुन्या जलदेवतांत मिसळून गेले.

शिरोळचा प्रसेनजीत त्याच्याबरोबर कॉलेजात होता. ड्रॅगनचं कच्चं चित्र पाहून तो म्हणाला होता, "हा आमच्या घरात भिंतीवर आहे की! मुचलिंद नागराज. भर पावसात बुद्धावर फणा धरून."

"पण त्याला पाय कुठे आहेत?"

"चालत गेला ना एवढ्या लांब. वाटेत फुटले असतील."

बंडूला यातलं काही पटवून उपयोग नव्हता. पण जाळावरही त्याने लगेच शिक्कामोर्तब केलं नाही. "पाणीच दावायचं असंल तर पैल्यांदा आत्तीला दाव," तो म्हणाला. "ती न्हाय म्हणली तर इषय संपला. गॅसवाल्याला सांगून ठिवलंय मी."

आत्ती म्हणजे अंबूबाई, बंडूच्या वडिलांची बहीण. शिरोळकडे कृष्णेच्या काठाला तिचं मातीचं घर होतं. दोन वर्षांपूर्वीच्या महापुरात ते बसलं. तेव्हापासून ती भाच्याकडे होती. पूर्वी ती दर पौर्णिमेला नदीकाठच्या नृसिंहवाडीला जायची. आता कुणी चल म्हटलं, तर गुडघ्याचं निमित्त सांगायची. गुडघे तिचे उत्तम होते.

दुसऱ्या दिवशी तिला शेडमध्ये आणून खुर्चीवर बसवलं. अभिरामने बटण दाबलं. ड्रॅगनने मान वळवली, पंजातला मणी उजळला आणि तोंडातून पाण्याची धार सुटली. खालच्या पत्र्याच्या टाकीत प्लास्टरचं गाव होतं. नदी फुगली, ओसऱ्या बुडाल्या, कौलं तेवढी वर राहिली. मग दिवे गेले.

"मग?" अंधारातून अंबूबाईचा आवाज आला.

"मग काय, आत्ती?"

"पाणी कुठं गेलं?"

"देखावा इथेच संपतो. लोक पुढे सरकले की आम्ही मागून टाकी रिकामी करतो."

"व्हय. आमचं बी दिवं असंच गेलतं," अंबूबाई म्हणाली. "पर खेळ तितं सरला न्हाई, बाळा. येताना दावलंस, तसं जाताना बी दाव. न्हायतर लावा तुमचा जाळ. जाळाचं मला कायबी न्हाय."

बंडूने अभिरामकडे बघून भुवया उडवल्या. "परवापातूर जमीव. न्हायतर गॅसची टाकी येनार."

अभिराम वरमला, आणि त्याला कारण होतं. जपानी कथांतल्या समुद्राच्या नागराजाकडे मणी दोन असतात. एक पाणी चढवतो, दुसरा उतरवतो. हे त्याने वाचलं होतं, पण पाणी उतरवायचं म्हणजे आणखी एक यंत्रणा आली, म्हणून दुसरा मणी त्याने गुपचूप गाळला होता. जाळावरून तो बंडूशी अचूकतेच्या नावाने भांडत होता आणि निम्मी गोष्ट स्वतःच कापून बसला होता.

उपाय त्याला वासुदेवाच्या पेल्यात सापडला. हा पेला तो क्लासमध्ये मुलांना दाखवायचा. पाणी ओतत गेलं आणि ते बाळकृष्णाच्या पायाला लागलं, की पेला आपोआप रिकामा होतो. आत एक वाकडी नळी दडवलेली असते. सायफन. त्याने प्लास्टिकचा पाइप उलट्या यूसारखा वाकवून काठावरच्या खडकामागे लपवला, त्याची बाहेरची बाजू टाकीखालच्या पिंपात सोडली आणि पाइपच्या वळणाच्या उंचीवर, खडकावर, दुसरा मणी बसवला.

परवाच्या दिवशी अंबूबाई पुन्हा त्याच खुर्चीत बसली. पाणी चढलं. ओसऱ्या बुडाल्या. पाणी मण्याला लागलं आणि तिथेच थांबलं. उतरेना. पिंपात करंगळीएवढी धार पडत राहिली. जेवढं येत होतं तेवढंच जात होतं आणि गाव होतं तसं बुडालेलं होतं.

अंबूबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

बंडूने खिशातून मोबाइल काढला. "झालं समाधान? लावू गॅसवाल्याला?"

"थांबा. जादा ठेवलेला तो दुसरा पंपही सोडा," अभिराम म्हणाला.

"डोस्कं फिरलंय काय रं तुजं? उतरवायचंय न्हवं पाणी? आणि वर आनिक वततोस?"

"पाणी हळू येतंय, म्हणून पाइप भरत नाही. नुसतं कडेने गळतंय. जोरात आलं की पाइप भरेल, आणि एकदा भरला की सगळं ओढून नेईल."

"मग ते आत्तीला सांग. आनिक पाणी सोडतो म्हणावं."

अभिराम अंबूबाईपाशी गेला. त्याने शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितलं, की आधी कौलं बुडतील. उतरेल, असं त्याचं गणित सांगतं, पण करून पाहिलेलं नाही.

"सोड," ती म्हणाली.

दुसरा पंप घरघरला. पाणी मण्यावरून गेलं, कौलांवरून गेलं. सगळं गाव दिसेनासं झालं. मग खडकामागे मोठी गुळणी केल्यासारखा आवाज झाला आणि पिंपात धबाधबा पाणी कोसळू लागलं. अभिरामने दोन्ही पंप बंद केले. कौलं वर आली, मग भिंती, मग ओसऱ्या. तळाशी पाइपने शेवटचा घोट घेतला, हवा ओढली आणि सगळं शांत झालं.

"आता काय म्हणतीस, आत्ती?" बंडूने विचारलं.

अंबूबाई उठून टाकीजवळ गेली. पांढरी घरं धुतल्यासारखी चकचकत होती. "चिखुल कुठाय?" ती म्हणाली.

नदीचा काठ लिंपायला आणलेली काळी माती कोपऱ्यातल्या घमेल्यात भिजत पडली होती. तिने त्यातला एक गोळा उचलला आणि पहिल्या घराच्या भिंतीला खिडकीपर्यंत फासला. मग दुसऱ्या. दारांत तिने जास्त घातला.

"आगं, घाण करतीस की समद्या देखाव्याची!" बंडू ओरडला. "पुसून काढ ते!"

"काढता काढता आमास्नी दिवाळी उजाडली. तुज्या अकरा दिसांत निगतोय व्हय?"

अभिरामला वेगळीच काळजी होती. "आत्ती, पाणी चढलं की ही माती विरघळणार. दर खेळाला नव्याने लावावी लागेल."

"लावीन की. हितं मला दुसरं काय काम हाय?"

बंडूने तिच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहिलं, मग फोन लावला. "हॅलो, ती गॅसची टाकी नगं. न्हाय वो, रद्द. पाणीच हाय आमचं." फोन ठेवून तो अभिरामवर खेकसला, "आणि मातीनं पंप जाम झाला, तर तूच उघडायचास, सायंटिस!"

अभिराम पंपाच्या तोंडाला गाळणी म्हणून बांधायला जुनं धोतर शोधू लागला. अंबूबाईने पदर खोचला, एक स्टूल ओढत टाकीच्या अगदी कडेला आणलं आणि उरलेली घरं लिंपायला घेतली.