लागलं का?

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. एका बाजूला पोचा पडलेली, कडीपाशी गंजलेली आणि स्वभावाने मुलखाची कुरकुरी. कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग हिरवागार होता, पण आता सांगून कोणाला खरं वाटणार!

मी दवाखान्यामागच्या बागेत राहते. तिथले माळीकाका पूर्वी त्याच दवाखान्यात आजारी होते. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. खिडकीतून बागेकडे बघत बघत ते बरे झाले आणि तिथेच माळी म्हणून राहिले. "या मातीने मला परत लावलंय," असं ते म्हणायचे.

माळीणकाकूही त्यांच्या बरोबरीने खपायच्या. कलम मातीत रुजलं, की माळी लोक 'लागलं' म्हणतात. रोज सकाळी काका बागेतल्या त्यांच्या खोपटामागून हाक द्यायचे, "अगं, लागलं का?" काकू कलमाकडे बघून म्हणायच्या, "धीर धरा की जरा!" आणि लागलं, की दोघं मातीला हात लावून म्हणायची, "उपकार झाले." काकू जाता जाता मलाही हात लावायच्या. मी उगाचच फुगायचे.

मग काका वारले. जाण्याआधी त्यांनी गुलाबाचं एक कलम लावलं होतं. काकू रडल्या नाहीत. मला उचलून सरळ कामाला लागल्या. ते शेवटचं कलम जगायलाच हवं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला.

एका सकाळी खोपटामागून काकांचा आवाज आला, "लागलं का?"

काकू मला घेऊन तिकडे धावल्या. मागे कोणीच नव्हतं.

मग रोज तोच आवाज. काकू घाबऱ्याघुबऱ्या होऊन कलमावर मला रिती करायच्या. "लागेल हो, लागेल," असं पुटपुटायच्या. कलमाभोवती चिखल झाला. शेवटी त्यांना राहवेना. मूळ फुटलंय का ते बघायला त्या कलम उपटायला वाकल्या. जन्मभर दुसऱ्यांना ज्यावरून रागावल्या, तेच करायला निघाल्या! तेवढ्यात पाय घसरला आणि त्या माझ्यावर आदळल्या. हा पोचा तेव्हाचा. त्यांचा गुडघा फुटला.

"अगं, लागलं का?" आवाज अगदी जवळून आला.

काकू गुडघ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लागलं हो. फार लागलंय." आणि त्या चिखलात बसून पोटभर रडल्या. इतके दिवस ती चौकशी कलमाची नव्हतीच, काकूंची होती, हे मलाही तेव्हाच कळलं.

त्यानंतर त्यांनी कलमाच्या मागचा धोशा सोडला. काही दिवसांनी त्याला तांबडी पालवी फुटली. काकूंनी मातीला हात लावला. "उपकार झाले," म्हणाल्या आणि खोपटाकडे कान देऊन उभ्या राहिल्या. आवाज आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

अजूनही मला भरताना त्या मध्येच थांबतात आणि ऐकतात. मित्रांनो, मला जमलं असतं तर मीच त्यांना 'लागलं का?' असं विचारलं असतं. पण माझ्या तोंडातून फक्त पाणी येतं. तुम्हाला तर बोलता येतं. घरात कोणाला विचारायचं राहून गेलं असेल, तर आजच विचारा.