कडू मुळीचं टॉनिक

मूल व्हावं म्हणून बायका जे टॉनिक घेतात ते अण्णांच्या कारखान्यात बनायचं, आणि माल तपासायला त्यांची स्वतःची मुलगी होती. अण्णा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत, "माझी लेकसुद्धा हेच घेते." घेत होतीच बिचारी. तीनदा दिवस गेले, तिन्हीदा पोट पडलं, आणि शेवटी नवऱ्यानं नासका माल परत करावा तशी तिला माहेरी आणून सोडली. ती पुन्हा नांदायला जाईल या आशेनं आईबापांनी मायेनं डोस वाढवला.

त्या दुपारी ती सूक्ष्मदर्शकावरून उठली ती तडक अण्णांच्या खोलीत गेली.

"अण्णा, आपल्या टॉनिकात कडू मुळी पडते ना, तिचा अर्क मी उंदरांच्या गर्भांना देऊन पाहिला. साध्या बशीतले छान वाढले. अर्काच्या बशीतले दोन पेशींचे चार पेशींचे झाले आणि तिथंच मेले. एकही वाचला नाही."

"उंदीर मेले म्हणून कुणी कारखाना बंद करतं का?" अण्णा हसले.

"माझेही मेले, अण्णा."

हसू मावळलं. खोटं कशाला बोला, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. उठून त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आजपासून तू थेंबही घेऊ नकोस."

"आणि बाहेर गाडी भरतेय ती?"

"ती जाऊ दे."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण बहुधा याच खोलीत जन्मली असावी.

"अहो, बायकांची पोटं पडतील!"

"पडली की त्या पुन्हा बाटली घ्यायला येतात. मूल झालेली कधी परत आलीय?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. "मी सांगणार. दुकानादुकानात जाऊन सांगणार."

"सांग की." अण्णा निवांत खुर्चीत टेकले. "पण सुरुवात घरापासून कर. सासरी तुला बाटल्या कोण धाडायचं, आता रोज स्वतःच्या हातानं कोण पाजतं? आई. तिन्ही नातवंडं कुणी मारली ते आधी तिला सांग. ऐकून ती जगली, तर खुशाल दुकानं फिर."

समोरचं टेबल बापाच्या टाळक्यात घालावं असं तिला वाटलं. पण आई अजूनही भाजी चिरता चिरता मध्येच थांबून त्या तिघांसाठी डोळे पुसायची. तिला कसं सांगणार?

ती आवारात आली. गाडी भरून तयार होती. तपासणाऱ्या बाईंनी हो म्हटल्याशिवाय माल हलवायचा नाही, असा तिथला कडक नियम होता. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"ताई, सगळं ठीक ना? निघू?"

तिनं वळून अण्णांच्या खिडकीकडे पाहिलं. ते पाठमोरे फोनवर बोलत होते. बाहेर बघायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

"निघा," ती म्हणाली.