पंचाहत्तरावा चौकोन

“साहेब, हा खड्डा मी बुजवणार नाय,” वनमालाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

ब्याऐंशीची गोष्ट. ट्रॉम्ब्याच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांची रोजची मोजणी आलेखावर मांडत. दिवसाला एक चौकोन, एक टिंब. अशी अकरा वर्षं. शिक्षण मॅट्रिक, राहायला गोवंडी. मी नवा डॉक्टरेटवाला, त्यामुळे शिंगं फुटलेली.

शनी ओलांडून गेलेल्या एका यानाचे आकडे परदेशातून टपालाने आले होते. त्यात मधेच मोजणी घसरली होती. त्या दिवसांत सूर्य तर शांत होता, म्हणून मी ती यानाची चूक ठरवली आणि रेघ सरळ पुढे न्यायला सांगितलं.

“चूक अशी नसते, साहेब. पडायला एक दिवस, चढायला पंधरा. ह्यो उतार मी आधी काढलेलो आसा!” चिडल्या की बाई मालवणीवर येत.

त्यांनी आमचा जुलैचा आलेख पुढे ओढला. तेव्हा सूर्य उसळला होता, त्याच्या वाऱ्याने विश्वकिरण मागे रेटले होते आणि असाच खड्डा पडला होता. तो बटर पेपरवर उतरवून बाई तो कागद यानाच्या आलेखावर उजवीकडे सरकवू लागल्या. अठ्ठावीस चौकोनांवर खड्ड्यात खड्डा बसला. तोच वारा अठ्ठावीस दिवसांनी शनीपलीकडे पोचला होता! मला मनापासून लाज वाटली. इतकी नेमकी नजर मी पुढे मोठमोठ्यांकडेही पाहिली नाही.

पण त्याच सकाळी मी एका कागदावर सही केली होती. आलेख आता संगणक काढणार, बाईंची बदली आवक-जावक टेबलावर. तो कागद परत घ्यायला धावलो, तर मंजुरी आलेली.

बाईंनी तक्रार केली नाही. जाताना आलेखाला उजवीकडे कोरा कागद डिंकाने जोडला आणि जुलैच्या खड्ड्यापासून पंचाहत्तराव्या चौकोनावर बारीक खूण केली.

“ते दुसरं, आधी सोडलेलं जुनं यान अजून लांब आहे ना, नेपच्यूनच्या वाटेवर? वारा तिथे ह्या दिवशी लागेल. अंतर जितके पट, दिवस तितके पट. साधं त्रैराशिक आहे.”

डिसेंबरात त्या यानाचे आकडे आले. पाकीट बाईंनी स्वतःच आणून दिलं आणि त्या दारात थांबल्या. संगणकाला हात न लावता मी त्यांचा आलेख पसरला, पेन्सिल पुढे केली.

“माझं टेबल नाय ते आता. तुम्ही काढा, मी बघते.”

मी टिंबं देत गेलो. सत्त्याहत्तराव्या चौकोनावर रेघ खाली आली.

“दोन दिवसांनी चुकले,” बाई म्हणाल्या, आणि उरलेलं टपाल वाटायला निघून गेल्या.