कणबाबांचं चकाकणारं सोनं

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरदुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. पडदे ओढले गेले, दिवे बंद झाले आणि कणबाबांनी आपला जांभळा टॉर्च पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मानेवर धरला. लेप लावलेली मान निळीशार उजळली. बायामाणसं तोंडाचा आ वासून बघत राहिली.

"सोन्याचे सूक्ष्म कण!" काळ्या कोटातले कणबाबा म्हणाले. "गाठ कुठे आहे ते यांना बरोबर कळतं. तिथे जाऊन बसतात आणि विश्वातले किरण ओढून घेतात. मग ते हॉस्पिटलचं मशीन हवं कशाला? अणूच्या पोटात रेणू, रेणूच्या पोटात ऊर्जा, आणि ऊर्जेच्या पोटात साक्षात तो वरचा!"

अणू-रेणूंची पोटं अशी उलटीपालटी झालेली ऐकून शाळेतल्या पोरानंही कपाळावर हात मारला असता. पण शेवटच्या रांगेतल्या धाकटीला हसू येत नव्हतं. तिची थोरली बहीण, ताई, शेजारीच बसली होती. ताईला घशाचा कॅन्सर. किरणोपचाराच्या तेहतीस बैठका ठरल्या होत्या, चौदा झाल्या. मग घसा सोलवटला, पाणी गिळवेना, आणि किरण देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर आवळतात त्या जाळीच्या मुखवट्याचा तिनं धसकाच घेतला. नेमकं तेव्हाच भावोजींना हे कणबाबा भेटले. आज नऊ दिवस झाले, ताई हॉस्पिटलकडे फिरकली नव्हती. "मध्ये खंड पडला की गाठीला उसंत मिळते," असं किरणांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर चारदा बजावलं होतं. भावोजी फोन ठेवून द्यायचे.

"लेपानं आग होते गं," ताई घोगऱ्या आवाजात कुजबुजली.

"होणारच," भावोजी म्हणाले. "बाबा म्हणतात, आग म्हणजे सोनं काम करतंय."

धाकटीनं त्यांच्या हातातली लेपाची बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि ती जागच्या जागी ताठ झाली. बारा वर्षं ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. हा वास तिच्या केसांतून सुट्टीच्या दिवशीही जात नसे. तो जांभळा दिवाही तिच्या ओळखीचा होता. धुतलेल्या चादरींवर डाग राहिलेत का, ते ती रोज तसल्याच दिव्याखाली बघायची. दारावर पाटी का लावली होती, तेही तिला आता कळलं. 'पांढरे कपडे घालून येऊ नये, लहरी बिघडतात.'

ती उठली आणि सरळ पुढे गेली.

"बाबा, माझ्यातही सोनं आहे का, बघा की."

"लेप लावलाय?"

"बघा तर."

बाबांनी टॉर्च वळवला. धाकटीनं गडद स्वेटरची बटणं सोडली. आत कामावरचा पांढरा कोट होता. गळ्यापासून कमरेपर्यंत बाई ट्यूबलाइटसारखी पेटली.

"अगं आई गं," कोणीतरी म्हणालं, "हिच्यात तर खाणच आहे."

"खाण कसली? कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक रसायन घालतात. या दिव्याखाली ते चमकतं. तेच बाटलीत आहे, वर पिवळी चमकी टाकलीय." तिनं बाबांच्या हातातून टॉर्च काढून घेतला आणि त्यांच्याच गळ्याशी धरला. कोटाआडून डोकावणारा बनियन झगझगीत उजळला. "यांच्या बनियनलाही गाठ झालीय वाटतं."

हॉल खदखदून हसला. "प्रश्न विचारले की लहरी बिघडतात," असं पुटपुटत बाबा जिन्याकडे सरकले. बाटली हातात धरून भावोजी मात्र खाली मान घालून बसून राहिले. धाकटीला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईची भाजलेली मान पाहिली आणि त्यांचा पारा चढला. लेप धुऊन काढल्यावरच त्या नीट बोलल्या.

"मग ते सोन्याचं सगळं खोटंच का?" भावोजींनी विचारलं.

"सगळंच खोटं नाही. धातूचे अतिसूक्ष्म कण गाठीत सोडले तर आमचे किरण तिथे जास्त घाव घालतात. त्यावर प्रयोग चाललेत. पण इतकं बारीक सोनं पाण्यात लालसर दिसतं, असं पिवळं नाही. आणि मशीनचे किरणच नसतील तर ते सोनं गाठीत नुसतं बसून राहील. नऊ दिवस गेले, ते मला परत आणता येत नाहीत. बैठका नव्यानं आखते. पण आता एकही चुकवायची नाही."

ताईनं मान हलवली. पंधराव्या बैठकीला तिनं मुखवटा आवळून घेतला, धाकटीचा हात सोडला आणि डोळे मिटले. बाहेर आली तेव्हा बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर तसलीच पिवळी बाटली. आत जावं की घरी, अशा विचारात.

ताई तिच्यासमोर उभी राहिली. बोलताना घसा चिरत होता, तरी बोलली.

"बाई, भीती मलाही वाटते. पण ज्याला प्रश्न विचारलेले चालत नाहीत, त्याच्या हाती जीव देऊ नका. ही बाटली बेसिनमध्ये ओता. आणि आत जा, तुमचा नंबर लागलाय."